लांबून बाण मारण्यात कसली मर्दुमकी?



रानडुकरांनी ऊस-मका लोळवला की ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. परदेशातला कुणी गडी साठ मीटरवरून डुकराला बाण मारतोय. खाली आपलेच लोक लिहितात, "असलं एक धनुष्य आपल्यालाबी पाहिजे." विश्रांतवाडी-लोहगावची शिकलेली पोरंसुद्धा यात आहेत.

स्पष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. हे चूक आहे.

साधा हिशोब करा. चांगल्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर जातो, आवाज ३४० मीटर. साठ मीटरवर बाण पोचायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. दोरीचा आवाज त्याच्या अर्धा सेकंद आधीच डुकराच्या कानात. ते दचकून हलतं, आणि काळजात बसायचा बाण पोटात नाहीतर मांडीत बसतो. बाणानं जनावर मरतं ते रक्त वाहून. पोटात लागला तर तासन्‌तास तडफडतं. वीस मीटरवरून तोच बाण पाव सेकंदात पोचतो. जाणता शिकारी म्हणूनच जवळ जाता आलं नाही तर बाण सोडत नाही.

कुणी म्हणेल, साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला जगज्जेते झाले, ते ५० मीटरवरूनच ना? होय, आणि त्याचा अभिमानच आहे. पण त्यांच्या पुढचं लक्ष्य जागचं हलत नाही. तिथं नेम चुकला तर गुण जातो. इथं जिवाचे हाल होतात.

आणि जखमी डुक्कर जातं कुठं? उसात. दुसऱ्या दिवशी त्याच उसात पाचट काढायला बायका शिरतात. व्हिडिओत हे दिसत नाही.

"त्यानं आमचं वाटोळं केलं, त्याची कसली दया?" असंही म्हणतात. पीक राखायचा हक्क आपला आहेच. हालहाल करून मारायचा हक्क कुणी दिला? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जखमी करणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासाठी कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते. ती मिळाली, हातात बंदूक आली, तरी नियम तोच. एका घावात मरेल इतक्या जवळून, पलीकडं माणूस नाही हे बघून. नाहीतर हात आवरा.

धनुष्याचे पैसे कुंपणाला घाला, आणि पंचनामा वेळेत व्हावा म्हणून भांडा. तिथं मी तुमच्यासोबत आहे.