एड्सचे आकडे : उतार आहे, उसंत नाही

दरवर्षी १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन येतो आणि बाधितांच्या आकड्यांची चर्चा सुरू होते. संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएनएड्स' या कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीबाधित होते. वीस वर्षांपूर्वीपेक्षा ही संख्या मोठी आहे. मग साथ बळावते आहे, असे समजायचे काय?

तसे नाही. एकूण बाधितांमध्ये नव्याने लागण झालेले आणि औषधांमुळे जगलेले, असे दोन्ही गट मोजले जातात. मृत्यू घटले की ही संख्या आपोआप वाढते. म्हणून साथीचा कल जाणून घ्यायचा तर नव्या लागणी आणि मृत्यू यांकडे पाहायला हवे. १९९०च्या दशकाच्या मध्यास वर्षाकाठी ३० लाखांहून अधिक लोकांना नव्याने लागण होत होती. २०२४ मध्ये ती संख्या १३ लाखांवर आली. २००४ च्या सुमारास वर्षाला वीस लाखांवर बळी जात होते. २०२४ मध्ये सुमारे ६ लाख ३० हजार मृत्यू झाले.

या घसरणीमागे औषधांच्या किमतीचा मोठा वाटा आहे. वर्षाच्या उपचारांना दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असताना, फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या 'सिप्ला'ने तीच औषधे ३५० डॉलरला देण्याची तयारी दाखवली. २००२ मध्ये जागतिक निधी आणि २००३ मध्ये अमेरिकेची 'पेपफार' योजना आली. भारतात एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे मिळू लागली. २०२४ पर्यंत जगातील ३ कोटी १६ लाख बाधित उपचारांखाली आले होते. औषधे नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू दबला आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. म्हणजे उपचार हाच प्रतिबंधही ठरला.

अर्थात अंदाज हा अंदाजच असतो. २००७ मध्ये भारतातील बाधितांची संख्या ५७ लाखांवरून एकदम २५ लाखांवर आणण्यात आली. रुग्ण बरे झाले नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील रक्तचाचण्यांमुळे मोजणी सुधारली होती. त्याच वर्षी जागतिक आकडाही तीन कोटी ९५ लाखांवरून तीन कोटी ३२ लाखांवर आला आणि या घटीत भारताचा वाटा सर्वांत मोठा होता.

सरासरीही फसवी असते. २०१० नंतर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत नव्या लागणी निम्म्याहून अधिक घटल्या. मात्र पूर्व युरोप व मध्य आशिया, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका येथे त्या वाढल्या. अमली पदार्थ टोचून घेणारे, समलिंगी पुरुष आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांना जेथे कायदा व समाज लपून राहायला भाग पाडतो, तेथे चाचणीची सोय त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. भारतात २०१७ च्या कायद्याने बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली, ती याच जाणिवेतून. देशात सर्वाधिक बाधित महाराष्ट्रात आहेत, हे येथे विसरता येणार नाही.

खरी चिंता आता पैशाची आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि आफ्रिकेतील अनेक देशांतील सेवा विस्कळित झाल्या. 'पेपफार' पूर्णपणे बंद पडल्यास २०२५ ते २०२९ या काळात ६० लाख अतिरिक्त लागणी आणि ४० लाख अतिरिक्त मृत्यू होऊ शकतात, असा 'यूएनएड्स'चा इशारा आहे. हे उपचार आयुष्यभर घ्यावे लागतात. ते थांबले की दबलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

याच वर्षी जूनमध्ये वर्षातून दोनदा टोचायच्या 'लेनाकॅपाविर' या प्रतिबंधक औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये, २०२७ पासून गरीब देशांना पुरवण्याचे करार भारतीय कंपन्यांनी केले आहेत. साधन हाती येत असताना निधी आटावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. यापुढे आकडे जाहीर होतील तेव्हा एकूण बाधित किती, याआधी नव्या लागणी किती आणि उपचारांविना किती, हे विचारले पाहिजे. २०२४ मध्ये उपचारांपासून दूर असलेल्यांची संख्या ९२ लाख होती.