नवी रायफल आणि स्क्रू ड्रायव्हर

स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पॉइंट टू-टू रायफलवर कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून पुतण्याच्या डोक्यात नेमबाजी. रीतसर परवाना काढून रायफल घेतली. परवा जळकोटला आला आणि विचारतो, "काका, नवीच आहे, सगळी खोलून पुसू का?"

माझं मत, मुळीच नको! एनसीसीत शिकलो ते असं: आधी मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहा, मग बोल्ट. नळीतलं कारखान्याचं तेल मागच्या बाजूने चिंधी ओढून पुसा. पुढून सळई खुपसली की नळीचं तोंड झिजतं आणि नेम तिथेच बिघडतो. ट्रिगरला तर हातच नको. तो चुकीचा बसला तर नुसत्या धक्क्याने गोळी सुटायची!

पुतण्या हिरमुसला. असो. स्क्रू ड्रायव्हर मात्र मी ठेवून घेतलाय.