टायर मोठा की हट्ट मोठा?

शहरात पिकअप ट्रक बाळगणारी माणसं दोन प्रकारची असतात. एकांना मागच्या हौद्यात काहीतरी टाकायचं असतं. दुसऱ्यांना सिग्नलला शेजारच्या गाडीच्या टपाकडे वरून बघायचं असतं. आमच्या घरात दोन्ही नमुने आहेत. पहिले बाबा, दुसरा दादा. आणि मध्ये मी, कारण गाडीच्या पैशांत माझाही वाटा आहे. फ्रीलान्सरचे चेक कसे आणि कधी येतात, हे या पानाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको!

गाडी म्हणजे सेकंडहॅण्ड इसुझु व्ही-क्रॉस. हे मॉडेल भारतात २०१६ मध्ये आलं. लांबी तब्बल ५.३ मीटर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हिचं नाक किंवा शेपूट, यातलं एकच काहीतरी मावतं. शिवाय आधीच्या मालकाने तिला २ इंचांचं लिफ्ट किट बसवलंय. म्हणजे पुढे शॉकअपवर स्पेसर, मागे पाट्यांची उंची वाढवलेली. गाडी उंच झाली, टायर मात्र कंपनीचेच राहिले. त्यामुळे चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हातभर पोकळी. दादाच्या मते ही पोकळी म्हणजे थेट अपमान. ‘अगं, मोठ्या माणसाला लहान मुलाचे बूट घातल्यासारखं दिसतं ते!’ उपाय त्याने आधीच ठरवलेला : ३३ इंची टायर.

टायर बदलायचेच आहेत, यात वाद नाही. जुने घासून पार गोटा झालेत. प्रश्न आहे कुठले घ्यायचे, आणि तो वाटतो तितका टाइमपास नाही. बाबा रिटायर झाल्यापासून आई-बाबा भोरच्या पुढे, नीरा-देवघरच्या बाजूला राहतात. मुख्य रस्ता सोडला की शेवटचा दीड-दोन किलोमीटर कच्चा. पावसाळ्याचे चार महिने तिथे नुसता लाल चिखल. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पुण्याला तपासणीच्या फेऱ्या चालू असतात. जुलैमधल्या एखाद्या रात्री दोन वाजता बाबांचा फोन आला तर ही गाडी घरापर्यंत पोचायला हवी, आणि आईला घेऊन धडपणे परतही यायला हवी. दिसण्याचा मुद्दा त्यानंतर.

म्हणून टायर बघायला नाना पेठेत जाण्याआधी मी थोडा होमवर्क केला. टायरच्या अंगावर जे लिहिलेलं असतं ना, तिथून सुरुवात. आमच्या गाडीवर आहे २५५/६० आर १८. फंडा सोपा आहे. २५५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १५३ मिलिमीटर. १८ हा रिमचा व्यास, इंचांत. सगळी बेरीज केली की उभं चाक होतं ७६३ मिलिमीटर, साधारण ३० इंच. दादाचं स्वप्न ३३ इंची, म्हणजे ८३८ मिलिमीटर. फरक ७५. पण अॅक्सल वर जातो त्याच्या निम्माच, ३७ मिलिमीटर. कारण उरलेली निम्मी वाढ अॅक्सलच्या वरच्या बाजूला जाते.

इथे दादाच्या बाजूने एक मुद्दा मान्य करायला हवा. पिकअपचा मागचा अॅक्सल अखंड असतो आणि त्याच्या मध्ये डिफरन्शियलचा गोळा लोंबतो. लिफ्ट किटने गाडीचं अंग वर गेलं, मागचा तो गोळा मात्र होता तिथेच राहिला. बैलगाडीच्या चाकोरीत मधला उंचवटा त्यालाच घासतो. तो उचलायचा असेल तर चाकच मोठं हवं. म्हणजे मोठ्या टायरची मागणी निव्वळ स्टाइलची नाही, त्यात दम आहे.

आता दुसरी बाजू. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात ते जास्त अंतर कापतं. इंजिन आणि गिअर मात्र तेच. चढावर सायकलचा गिअर जड टाकला तर पायांचं जे होतं, तेच इंजिनचं होतं. पिकअप कमी, अॅव्हरेज कमी. स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे आज बरोबर दाखवणारा मीटर ३३ इंचांवर १०० दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ ११० ला असेल. खेड शिवापूरनंतर सातारा रोड मोकळा मिळाला की ही गंमत राहत नाही. टायर आणि रिमचं वजन वाढतं, ब्रेक मात्र जुनेच. जड चाक थांबवायला जास्त अंतर लागतं. पूर्ण स्टिअरिंग वळवलं की टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासायची शक्यता. आणि खाली टांगलेली स्टेपनी? तिच्या जागेत ३३ इंची मावेलच असं नाही. जुनी लहान ठेवली तर फोर बाय फोर लावल्यावर एक चाक लहान, एक मोठं. गिअरबॉक्सला ते सोसत नाही.

कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून आरसीतली नोंद फारकत घेईल, असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीनुसार बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात अपघात झालाच, तर इन्शुरन्सवाल्यांच्या हातात आयता मुद्दा. हे सगळं ऐकून दादा म्हणाला, ‘मग लिफ्टचं काय? तीही त्यातच येते.’

बरोबर बोलला. आणि तिथेच आमच्या गप्पांची दिशा बदलली. चाक आणि मडगार्डमधली पोकळी भरायचे मार्ग दोन आहेत. चाक मोठं करा, किंवा गाडी खाली आणा. दुसरा मार्ग आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. कारण उंच गाडी लहान करायची म्हणजे जणू प्रमोशन परत करायचं!

मग आम्ही लिफ्टचा हिशोब मांडला. फायदा : नाक आणि पोट उंच, त्यामुळे खड्ड्यात उतरताना बंपर कमी घासतो. तोटे : गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी जास्त झुकते. पुढच्या चाकांना ताकद देणारे अॅक्सल तिरक्या कोनात फिरतात, त्यांचे जॉइंट आणि रबरी बूट लवकर जातात. आणि सगळ्यात मोठा तोटा स्पेसिफिकेशनच्या कुठल्याच तक्त्यात नाही. आईला या गाडीत चढताच येत नाही. बाबा प्लॅस्टिकचं स्टूल ठेवतात, मी एका बाजूने धरते, दादा दुसऱ्या. चाक मोठं केलं असतं तर ती पायरी आणखी दीड इंच वर गेली असती. तिच्यासाठी घेतलेली गाडी तिच्याच आवाक्याबाहेर!

चिखलाचं काय, हा प्रश्न उरतोच. पण चिखलात चाक फिरतं ते मुख्यतः पकड नसल्यामुळे. गोटा झालेला हायवे टायर तिथे उंचीने ४० इंची असला तरी जागेवरच गरगरणार. पकड येते नक्षीतून. ऑल-टेरेन टायरच्या गाळ्या रुंद असतात, त्यातून चिखल बाहेर फेकला जातो. दुसरी युक्ती फुकटातली : कच्च्या रस्त्यावर हवा थोडी कमी करायची. टायर जमिनीवर लांब पसरतो, पकड वाढते. डांबरी रस्त्याला लागताना मात्र हवा पुन्हा भरायचीच, नाहीतर टायर तापतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप आणि हवेचा मीटर गाडीत हवा. आमच्या चिखलाला एवढं पुरेसं आहे. आम्हाला दगडांच्या शर्यतीत उतरायचं नाहीये.

३३ इंचांचं कोटेशन पाच टायर आणि रिम धरून लाखाच्या बऱ्याच वर गेलं होतं. आम्ही ठरवलं ते असं : लिफ्ट काढायची, कंपनीच्या मापाचेच पण ऑल-टेरेन टायर पाच घ्यायचे, पंप घ्यायचा. उरलेल्या पैशांत आईसाठी दाराखाली नीट फूटस्टेप आणि आत धरायला दांडी. दादा दोन दिवस धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच टायरवाल्याला फोन करून पांढऱ्या अक्षरांचा टायर मिळेल का विचारत होता. मिळणार आहे. त्याचाही थोडा मान राखायला हवा ना!

तुमच्या डोक्यात असलाच किडा वळवळत असेल तर टायरवाल्याकडे जाण्याआधी एक काम करा. ड्रायव्हरचं दार उघडा. बहुतेक गाड्यांच्या दाराच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं. टायरचं माप आणि हवा त्यावर लिहिलेली असते. नवीन टायरचा लोड इंडेक्सही जुन्यापेक्षा कमी नको. ११२ असेल तर एक टायर ११२० किलो पेलतो. आणि हो, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एकदा गाडीत चढायला सांगा. उंची किती हवी, ते तिथेच कळेल.