गोळी मेंदूपर्यंत पोचते का?

मुलांनो, परळचं केईएम आणि भायखळ्याचं जे. जे. ही रुग्णालयं तुम्हाला ठाऊक असतीलच. तिथे एचआयव्हीच्या गोळ्या मोफत मिळतात. सरकारने ही सोय एप्रिल २००४ पासून सुरू केली. या गोळ्या घेणारी काही मुलंही आहेत. ती तुमच्यासारखीच शाळेत जातात, आणि त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ल्याने कुणाला काहीही होत नाही, बरं का!

गोळी पोटात गेली की औषध रक्तात उतरतं आणि अंगभर फिरतं. मेंदूची तऱ्हा मात्र निराळी. तिथल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना अगदी घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातलं ऐरंगैरं आत येऊच शकत नाही. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून पाहिला. सगळं अंग रंगलं, मेंदू मात्र कोराच राहिला!

साखर, प्राणवायू यांना आत वाट आहे. पुष्कळ औषधांना नाही. काही शिरलीच, तर या पेशी त्यांना पंपाने पाणी उपसावं तसं परत रक्तात टाकतात. विषाणू मोठा लबाड! तो पांढऱ्या पेशींत दडून आत जातो. तिथे तो वाढला, तर विसरायला होतं, अभ्यासात लक्ष लागत नाही.

औषध किती पोचलं, हे कळणार कसं? डॉक्टर पाठीच्या मणक्यांमधून सुईने थोडं पाणी काढतात. मेंदूभोवती हेच पाणी असतं. टेनोफोविर हे औषध रक्तात शंभर भाग असेल, तर या पाण्यात जेमतेम पाच भाग. १९८७ पासून वापरात असलेलं झिडोव्हुडिन यापेक्षा बरंच जास्त पोचतं. गंमत आहे ती डोल्युटेग्राविरची. ते शंभरातला एक भागसुद्धा पोचत नाही, तरी पुरतं! आमटीला हिंग कुठे वाटीभर लागतो? आज आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांना मिळणाऱ्या रोजच्या एका गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर तिन्ही असतात.

पालकांसाठी एक गोष्ट. क्वचित एखाद्याच्या रक्तात विषाणू जवळजवळ सापडत नाही, पण मणक्यातल्या पाण्यात सापडतो. पुण्याच्या डॉक्टरांनी असे रुग्ण २०१८ मध्ये नोंदवले आहेत. गोळ्या नियमित घेऊनही विसरभोळेपणा वाढला, चालताना तोल जाऊ लागला, तर ‘रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून घरी थांबू नये, डॉक्टरांना सांगावं. ते पाणी तपासून, मेंदूत चांगली पोचणारी औषधं निवडून देतात.