विचारण्यात काय बिघडते?

यंदाच्या आखाजीला आमच्या साक्रीच्या घरी पाहुणे आले होते. खानदेशात आखाजी हा माहेरवाशिणींचा सण. घरात लेकी-नाती जमलेल्या, अंगणात झोके बांधलेले, सांजोऱ्यांचा वास दारापर्यंत आलेला. अशा दिवशी आमच्या अण्णांच्या नातीला पाहायला मंडळी आली. मुलगी धुळ्याच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. मुलगाही शिकलेला, बोलायला नम्र. सगळे जमल्यासारखे झाले, चहाचे कप उचलले गेले आणि मुलाकडचे वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "मुलगी पसंत आहे. आता फक्त एकदा देवाला विचारून घेतो. घराला लाभेल ना, एवढेच."

मी म्हणालो, "विचारू नका."

बैठक गप्प झाली. पाहुणे गेल्यावर आमचे अण्णा, जे माझ्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत आणि ज्यांच्यापुढे मी जन्मात आवाज चढवला नव्हता, ते म्हणाले, "अरे, विचारण्यात काय बिघडते?" तेव्हापासून आम्हां दोघा भावांत जेवढ्यास तेवढे बोलणे आहे. घरच्या बायका दोघांची ताटे शेजारी मांडतात आणि आम्ही भिंतीकडे पाहून जेवतो. म्हणून हे उत्तर छापून देतो आहे. अण्णा दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात.

विचारण्यात पुष्कळ बिघडते, अण्णा. आपल्याच घरात बिघडलेले आहे.

वाचकांना ठाऊक असायचे कारण नाही, म्हणून सांगतो. माझी धाकटी बहीण १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षी लग्न होऊन पिंपळनेरच्या बाजूला एका खेड्यात गेली. दोन वर्षांनी तिचे तान्हे मूल हगवणीने गेले. त्याच वर्षी सासरचा एक बैलही गेला. सासऱ्यांनी कोणा जाणत्याकडे जाऊन दाणे टाकून घेतले. सुपातले दाणे मोजून त्याने सांगितले, घराला बाहेरून आलेल्या बाईची बाधा आहे. त्या घरात बाहेरून आलेली बाई एकच होती. (सासूही कधी काळी बाहेरूनच आली होती, पण ती गोष्ट दाण्यांच्या लक्षात राहिली नाही.) महिन्याभरात बहीण एका पत्र्याच्या पेटीसह आमच्या ओट्यावर येऊन बसली. आईने तिला एकच विचारले, "तुले कोनी इचारं का?" तिने मान हलवली. तिला कोणी विचारले नव्हते. देवाला मात्र विचारले होते.

पुढची चव्वेचाळीस वर्षे तिने कान नदीकडच्या खोलीत शिवणाचे यंत्र चालवून काढली. गावातल्या निम्म्या परकर-पोलक्यांना तिचा हात लागला असेल. २०१९ साली ती गेली.

आता कोणी म्हणेल, हा अडाणी खेड्यांतला प्रकार झाला. सुधारलेल्या लोकांचे देव असे बोलत नाहीत. म्हणून दूरच्या एका देवीची गोष्ट सांगतो.

२००६ साली बहिणीच्या डोळ्याचा पडदा सरकला आणि तिला घेऊन मी मुंबईस गेलो. भाच्याचे बिऱ्हाड डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ होते. इस्पितळाची तारीख चार दिवसांनंतरची मिळाली. रिकाम्या वेळात भाच्याने आम्हांला माझगावातले एक चिनी देऊळ दाखवले. 'सी यप कून' त्याचे नाव. १९१९ साली चिनी दर्यावर्दी लोकांनी बांधलेली ती जुनी, लहानशी दुमजली इमारत आहे. वर न्यायाचा आणि शौर्याचा देव क्वान कुंग, खाली करुणेची देवी क्वान यिन. एके काळी त्या भागात चिनी वस्ती चांगली नांदती होती. १९६२ च्या युद्धानंतर देशभरातून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळी येथे नेऊन कोंडले, आणि पुढे मुंबईतलीही बरीच घरे देश सोडून गेली. माझगावात आता मोजकी कुटुंबे उरली आहेत.

या करुणेच्या देवीला प्रश्न विचारायची चिनी रीत अशी. बांबूच्या नळकांड्यात काड्या असतात. क्वान यिनच्या काड्या शंभर, प्रत्येकीवर आकडा. गुडघे टेकून मनात प्रश्न धरायचा आणि एक काडी बाहेर पडेपर्यंत नळकांडे हलवायचे. पण काडी पडली म्हणजे उत्तर मिळाले असे नाही. लाकडाचे दोन अर्धचंद्राकृती ठोकळे असतात, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. ते जमिनीवर टाकून विचारायचे की हीच काडी माझी का? एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होकार. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देवी हसली असे समजतात. म्हणजे प्रश्नच नीट नाही, घरी जा आणि पुन्हा विचार करून ये. होकार आला तर त्या आकड्याची चिठ्ठी काढायची. तिच्यावर चार ओळींचे पद्य असते आणि जाणता माणूस त्याचा अर्थ सांगतो.

आमचे एक विज्ञानवादी स्नेही यावर लगेच गणित मांडतात. ठोकळे सारखे धरले तर होकाराची शक्यता निम्मी, नकाराची पाव आणि हसण्याची पाव. गणित बिनचूक आहे. चार ओळींच्या पद्यातून हवा तो अर्थ काढता येतो, हेही खरे. पण एवढे सांगून ते थांबतात, आणि माझे त्यांच्याशी भांडण आहे ते तेथे. काडीत देव नाही हे सिद्ध केल्याने माझ्या बहिणीचे काय झाले ते सांगून होत नाही. दाणे खोटे होते, यापेक्षा ते कोणाविषयी टाकले आणि कोणाच्या पाठीमागे टाकले, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

ही क्वान यिन मूळची आपलीच. जळगावहून अजिंठा साठ किलोमीटरांवर. तेथल्या पहिल्या लेण्यात निळे कमळ हाती घेतलेला जो पद्मपाणी आपण कॅलेंडरांवर पाहतो, तोच अवलोकितेश्वर चीनमध्ये गेला आणि काही शतकांत तेथल्या लोकांनी त्याला माउली केले. पंढरीच्या पुरुषदेवाला विठाबाई म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्र चिनीत आणले. त्यात या बोधिसत्त्वावर एक सबंध प्रकरण आहे. चिनी नावाचा अर्थच मुळी जगाचा आवाज ऐकणारी असा आहे. ध्यानात घ्या, ऐकणारी. बोलणारी नव्हे.

औरंगाबादच्या सातव्या लेण्यात जाऊन पाहा. मधोमध अवलोकितेश्वर उभा, आणि दोहों बाजूंस संकटात सापडलेली माणसे: आग लागलेली, दरोडेखोरांनी गाठलेली, बेडीत अडकलेली, जहाज बुडत असलेली, सिंह, साप, हत्ती पाठीस लागलेली. अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यातही असेच शिल्प आहे. त्यातला एकही माणूस 'माझा घात कोणी केला?' असे विचारीत नाही. हात जोडून तो हाक मारतो, इतकेच.

यावर अण्णा म्हणतील, मग ह्युएन त्संगाचे काय? (अण्णांचा इतिहास पक्का आहे.) बरोबर. सातव्या शतकातला तो चिनी यात्रेकरू. महाराष्ट्रात येऊन पुलकेशीचे वर्णन लिहून गेला. त्याचा शिष्य हुइ-ली याने लिहिलेल्या चरित्रात हकिकत आहे, ती आजच्या बिहारातल्या मुंगेर भागातली. अवलोकितेश्वराच्या चंदनी मूर्तीभोवती कठडा होता. लोक कठड्याबाहेरून फुलांचे हार टाकीत. हार मूर्तीच्या हातावर अडकला तर इच्छा पुरी होणार. आपल्या कोकणात आणि गोव्यात देवाच्या अंगाला पाकळ्या लावून उजवी पडली की डावी हे पाहतात, त्या कौलाचाच हा भाऊबंद. ह्युएन त्संगाने हार विकत घेतले आणि तीन गोष्टी मागितल्या. मी सुखरूप मायदेशी पोहोचणार असेन तर हार हातांवर अडको. मला पुढला जन्म मैत्रेयाच्या सेवेत मिळणार असेल तर दोन्ही दंडांवर अडको. आणि काही जीवांत बुद्धत्वाचे बीजच नसते असे शास्त्र म्हणते. माझ्यात ते असेल तर हार गळ्यात पडो. तिन्ही हार जागच्या जागी पडले, असे चरित्रकार सांगतो.

हार कसे पडले यावर मी वाद घालणार नाही. तीन प्रश्न पाहा. तिन्ही स्वतःविषयी आहेत. तिसरा तर असा की त्याचे उत्तर 'नाही' आले असते तर त्या माणसाची सगळी पायपीट फुकट गेली असती. आपल्या अंगाला झोंबणारा प्रश्न त्याने देवापुढे नेला. सून लाभेल का, शेजारीण कशी आहे, हे तो विचारीत बसला नाही. ज्याला कौल घ्यायचा त्याने असा घ्यावा. माझी हरकत नाही. दुसऱ्याच्या आयुष्याचा कौल त्याच्या गैरहजेरीत घेणारा मात्र आपल्या मनातला निकाल देवाच्या तोंडी घालतो, आणि उद्या काही वाईट झाले तर बोट दाखवायला देवही तयार असतो.

आमच्या बौद्ध शेजाऱ्यांनी हा लेख आधी वाचला. ते म्हणाले, तुम्ही फार सौम्य लिहिता. खुद्द बुद्धाने दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात भिक्षूंना शकुन, भविष्य वगैरे हीन विद्यांपासून दूर राहायला सांगितले आहे. त्यांचे म्हणणे योग्य आहे आणि मला ते मान्य आहे. आपल्याच जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंनीही ज्योतिष्याला दारातून परत पाठवले होते. पण माणूस घाबरला की काहीतरी हातात धरतो. तो भिऊन काडी धरतो म्हणून त्याला हसायला माझी जीभ वळत नाही. काडी धरून तो दुसऱ्याकडे बोट करतो, तेव्हा मात्र गप्प बसवत नाही.

आणि काडीच लागते असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी आमच्याच साक्री तालुक्यात राईनपाड्याला, भर आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा मोबाइलवरून आधीच हातोहात फिरली होती. तेथे भगत नव्हता, सूप नव्हते, दाणे नव्हते. त्या पाचांना तरी नीट कोणी विचारले होते का? त्या दिवसापासून 'शिकलेले लोक असे करीत नाहीत' हे वाक्य मी उच्चारणे सोडले. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. एखाद्या बाईला करणी करणारी ठरवून छळणे हा त्याने गुन्हा आहे. तो आमच्या बहिणीच्या वेळी असता तर बरे झाले असते. पण 'लाभेल ना?' असे हसून, कप हातात धरून विचारणाऱ्याला कोणता कायदा अडवणार?

माझगावच्या देवळातली गोष्ट राहिली. तेथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बहिणीच्या हाती नळकांडे दिले आणि हिंदीत म्हणाले, "पूछो." मी मनात चरकलो. जिचा संसार दाण्यांनी मोडला तिच्या हाती पुन्हा काड्या! पण तिने ते नळकांडे घेतले, डोळ्यांवरच्या हिरव्या पट्टीसकट मान वाकवली आणि बराच वेळ ओठ हलवीत बसली. नळकांडे हलवले नाही. एकही काडी पडली नाही. मग तिने ते जागच्या जागी नीट ठेवले आणि उठली. म्हातारेबुवा काही बोलले नाहीत. उदबत्तीची एक काडी तेवढी पेटवून त्यांनी तिच्या हातात दिली.

परतीच्या गाडीत मी विचारले, "काय विचारलंस?"

"विचारलं नाही भाऊ," ती म्हणाली, "सांगितलं."

कोकणात कौल लावण्याआधी गाऱ्हाणे घालतात. मला वाटते त्यातला गाऱ्हाण्याचा भाग खरा देवाचा आहे. पुढचा पाकळ्यांचा भाग माणसांनी आपल्या सोयीसाठी जोडला. बहिणीने पहिला भाग केला आणि दुसरा सोडून दिला. काय सांगितले ते मी विचारले नाही, तिनेही पुढे कधी काढले नाही. डोळा मात्र निम्माच वाचला, आणि त्यानंतर सुईत दोरा ओवायला तिला शेजारची पोर लागे.

मुलाकडची मंडळी तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा येणार आहेत. अण्णा, त्यांना शेवभाजी आणि कळण्याची भाकरी करून घालू, तुमच्या आवडीचे वांग्याचे भरीतही करू. मुलामुलीला ओट्यावर बसू द्या. एकमेकांना काय विचारायचे ते त्यांना विचारू द्या, हवे तर तासभर. मुलीची पत्रिका मी लोखंडी कपाटात ठेवली आहे. किल्ली मागायला माझ्याकडे येऊ नका. ती मी मुलीलाच दिली आहे.