उमेदवारीचे अखेरचे पंधरा दिवस

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा गेलीं दोन वर्षें पुण्यांतील एका सनदी लेखापालांच्या कचेरींत उमेदवारी करीत होता. ती गेल्या महिन्यांत संपली. घरांतील मुलें तिला 'आर्टिकलशिप' म्हणतात. पूर्वीं ती तीन वर्षांची असे. २०२३ सालच्या नव्या योजनेनें दोन वर्षांवर आली. आम्हांस मात्र जुना शब्दच गोड वाटतो. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. कचेरींत एखादी जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी कारकुनी करीत बसणारा तो उमेदवार. पुढें तो शब्द निवडणुकीच्या रिंगणांत गेला, आणि तेथेंही पुष्कळांपाशीं आशेवांचून दुसरें कांहीं नसतें. असो.

उमेदवारीच्या पहिल्या दिवशीं घरांत केवढा उत्साह असतो! नवा सदरा काय, हातावर दहीसाखर काय! शेवटच्या दिवसांकडे मात्र कोणाचें लक्ष नसतें. मुलाचें मन अखेरच्या परीक्षेकडे लागलेलें असतें आणि देह तेवढा कचेरींत येऊन बसतो. वहिनींनीं आम्हांस विचारलें, "साहेबांना काय द्यावें? शाल कीं चांगलेंसें पेन?" आमचें मत विचाराल तर पेढे पुरेत. साहेबांस जें हवें असतें तें दुकानांत मिळत नाहीं. आपल्या हातांतलीं कामें कोठवर आलीं, हें जाणारा मुलगा नीट लिहून ठेवतो कीं नाहीं, एवढेंच ते पाहत असतात.

पुतण्यानें तें टिपण लिहावयास घेतलें, तेव्हां किती गोष्टी त्याच्या एकट्याच्या डोक्यांत होत्या हें त्यालाच प्रथम कळलें. कोणत्या अशिलास जीएसटीची नोटीस आली आहे, कोणाची बँकेची पत्रकें अजून यावयाचीं आहेत, कोणाकडे दुपारीं चारनंतर फोन केलेला चालत नाहीं! एका वृद्ध व्यापाऱ्याच्या आयकराच्या खात्यावर तर याचाच मोबाइल क्रमांक नोंदलेला निघाला. सोयीसाठीं कधीं तरी दिला, तो तसाच राहिला. हा निघून गेल्यावर त्या गृहस्थाचा ओटीपी याच्या खिशांत वाजत राहिला असता! तो क्रमांक बदलला. शिकावयास म्हणून आपल्या संगणकावर उतरवून घेतलेले अशिलांचे हिशेबही त्यानें पुसून टाकले. अशिलाची गोष्ट बाहेर जाऊं देणें १९४९ च्या कायद्यानें लेखापालास गैरवर्तन ठरतें. तेव्हां त्याच्या हाताखालच्या मुलानें तीं बाडें घरीं आणावयाचीं नसतातच.

येथवर सारें ठीक होतें. पण एके रात्रीं जेवणानंतर तो गच्चींत आमच्यापाशीं येऊन उभा राहिला. "काका, एक घोटाळा झालाय." एका दुकानदाराच्या हिशेबतपासणींत तीन धनकोंकडून शिल्लक कबूल असल्याचीं पत्रें यावयाचीं होतीं. तीं आलीं नव्हतीं. आणि सप्टेंबरच्या घाईंत यानें तिन्ही नांवांपुढें 'पत्र पाहिलें' अशी खूण केली होती. अहवालावर साहेबांची सही होऊन कित्येक महिने लोटले होते. टिपणासाठीं फाइल उघडली, तों पत्रांची जागा रिकामी! "आतां पत्रं मागवून गुपचूप आंत लावलीं, तर कुणाला कळणार नाहीं," तो म्हणाला. मग जरा थांबून त्यानेंच नियम सांगितला: अहवालानंतर साधारण साठ दिवसांत फाइल पुरी करून बंद करावयाची असते, पुढें तिच्यांत कांहीं घातलेंच, तर कां घातलें, केव्हां आणि कोणीं, हें लिहावें लागतें. साहेबांची सही व्हावयाची होती त्या १०८ क्रमांकाच्या नमुन्यावर. त्यावांचून दोन वर्षें पुरीं झालीं असें म्हणतां येत नाहीं. मुलगा भ्याला होता तो त्यासाठीं. आम्हीं एवढेंच विचारलें, "तुझ्या जागीं येणारी मुलगी पुढच्या सालीं हीच फाइल उघडील, तेव्हां ती कोणाच्या खुणेवर विसंबेल?" तो उत्तर न देतां खालीं गेला.

दुसऱ्या दिवशीं त्यानें साहेबांस सांगितलें. साहेब संतापले; दिवसभर बोलले नाहींत. पत्रें मागविलीं गेलीं. दोन जुळलीं, तिसऱ्यांत अडतीस हजारांचा फरक निघाला, कारण परत पाठविलेल्या मालाची नोंद दुकानदारानें केलीच नव्हती. उलाढालीच्या मानानें रक्कम लहान, म्हणून ती चालू सालच्या हिशेबांत दुरुस्त करावयाचें ठरलें. फाइलींत कारण, तारीख आणि स्वतःचें नांव पुतण्यानें आपल्या हातानें लिहिलें. यासाठीं दोन संध्याकाळीं त्यास आठपर्यंत बसावें लागलें, आणि त्याबद्दल त्याच्या मातोश्रींनीं साहेबांविषयीं काढलेले उद्गार येथें छापण्याजोगे नाहींत.

शेवटच्या दिवशीं पेढे वाटून तो घरीं आला. नमुन्यावर सही झाली होती. वहिनींनीं मोठ्या आशेनें विचारलें, "काय म्हणाले रे साहेब?"

"तिसरं पत्र कुठल्या पानामागं लावलंय, तें विचारलं."

"आणखी कांहीं नाहीं?"

"पेढा घेतला," असें म्हणून तो हातपाय धुवावयास गेला.