दोष कोठें आहे?

सन २००० मधील गोष्ट. अमेरिकेंतील आमच्या धाकट्या बंधूंचें पत्र ई-मेलनें यावयाचें होतें. मातोश्री सकाळपासून वाट पाहात बसल्या होत्या. संगणकावर लिनक्स प्रणाली होती. मोडेमनें नंबर फिरविला, शीळ घातली, जोडणी झाली. तरी पत्र येईना! चिरंजीवांनीं सारा दोष टेलिफोनच्या माथीं मारला.

मी म्हणालों, "अरे, अनुमानापूर्वीं प्रत्यक्ष पाहा." प्रणालीची नोंदवही उघडली. पीपीपीची जोडणी होऊन आम्हांस अंकात्मक पत्ता मिळाल्याची नोंद तींत होती. अर्थात् तार, मोडेम व परवलीचा शब्द निर्दोष. नंतर 'पिंग' या आज्ञेनें दूरच्या संगणकास अंकांनीं हाक मारली, उत्तर आलें. त्यालाच नांवानें हाक मारली, तों उत्तर नाहीं! म्हणजे मार्ग मोकळा. अडचण नांवाचे अंक करून देणाऱ्या सर्व्हरच्या पत्त्यांत. तो 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' नांवाच्या लहानशा फाइलींत लिहिलेला असतो. कागदावरून उतरवितांना चिरंजीवांच्या हातून १ च्या जागीं ७ पडला होता. तो सुधारतांच पत्र आलें, आणि मातोश्रींनीं तें दोनदां वाचवून घेतलें.

वाचकहो, कोणत्या पायरीपर्यंत सर्व ठीक आहे हें आधीं निश्चित करावें; दोष बहुधा तिच्या पुढल्याच पायरीवर सांपडतो. तोंवर कोणासही बोल लावूं नये.